ती नोंद माझ्या हातची आहे : वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
सार्वजनिक वाचनालय

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या वाचनालयाची आजीव सभासद आहे. आरोग्यसेविका म्हणून ३२ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी सातपुड्याच्या पायथ्याच्या उपकेंद्रांवर. तालुक्यात मला सगळे सिस्टर म्हणूनच ओळखतात, म्हणून खाली नाव लिहिलेलं नाही. तुम्हाला ते माहीत आहे.

यंदाच्या व्याख्यानमालेतल्या एका व्याख्यानाबद्दलचं हे पत्र मी आधी बंद पाकिटात दिलं होतं. आठ दिवसांनी सचिवांचा फोन आला. ते म्हणाले, "सिस्टर, ते वक्त्यांचं वैयक्तिक मत होतं. आपलं व्यासपीठ सगळ्यांना खुलं आहे. विषय वाढवू नका." मी रात्रभर विचार केला आणि विषय वाढवायचं ठरवलं.

यंदाच्या व्याख्यानमालेच्या तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत बसले होते. वक्ते बाहेरगावचे, विषय जागतिक राजकारणाचा. थंडी कडाक्याची, तरी पटांगण भरलेलं. बायका शाली गुंडाळून, पोरं भिंतीवर बसलेली. वक्ते जवळजवळ अर्धा तास अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांच्या जन्मावर बोलले. ओबामा हवाईत जन्मलेच नाहीत, केनियात मोंबासाला जन्मले. त्यांचा जन्मदाखला कॉम्प्युटरवर बनवलेला आहे. केनियातला खरा दाखला बाहेर आला तर तो दाबला गेला. त्यांच्या आजीनेच सगळं कबूल केलं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग श्रोत्यांतून एकाने विचारलं, "आपल्या तालुक्यातही एक ताई सरपंचपदाला उभ्या राहताहेत. त्यांचाही जन्म इथला नाही, एमपीतला आहे म्हणतात." वक्ते हसून म्हणाले, "आग असल्याशिवाय धूर निघत नाही. कागद मागा. आणि कागद दाखवलाच, तर तो खरा कशावरून, हेही विचारा." पुन्हा टाळ्या. अध्यक्षांनी "डोळ्यांत अंजन घालणारं व्याख्यान" म्हणून आभार मानले, शाल आणि श्रीफळ दिलं. मी उठून बोलायला हवं होतं. बोलले नाही, ती चूक माझी आहे.

कारण ती ताई माझ्या हातांवर जन्मली आहे.

तिची परवानगी घेऊन लिहिते. १९९६ सालचा पावसाळा. तिच्या आईला दुपारपासून कळा सुरू होत्या. नवरा आणि सासू तिला बैलगाडीतून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायला निघाले, पण वाटेतल्या नाल्याला पूर आलेला. मागे फिरून ते माझ्या उपकेंद्राच्या दारात आले तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. वीज नव्हती. कंदील टेबलावर ठेवला, बॅटरी सासूच्या हातात दिली आणि सांगितलं, काहीही झालं तरी उजेड हलवू नका. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. तो सोडवला. बाळ बाहेर आलं ते निळसर, आवाज नाही. तोंडातलं पाणी काढलं, पाठ चोळली, तळपायाला टिचक्या मारल्या. तेवढ्या वेळात बॅटरीचा उजेड तसूभरही हलला नाही. मग ती रडली. मी घड्याळात पाहिलं, पहाटेचे ३ वाजून ४० मिनिटं झाली होती. वजन २ किलो ४०० ग्रॅम. वार पडली, रक्तस्राव आटोक्यात आला, तेव्हा हात धुऊन मी प्रसूती नोंदवही उघडली आणि कंदिलाच्या उजेडात हे सगळं लिहून सही केली. चार दिवसांनी पूर ओसरल्यावर जन्माचा अहवाल ग्रामसेवकाकडे पोचवला.

अशा किती नोंदी केल्या त्याची मोजदाद नाही. पण या कामाची एक गोष्ट सांगते, कारण व्यासपीठावरच्या कोणालाही ती माहीत असल्याचं दिसलं नाही. जन्माची नोंद एका माणसाच्या हातची नसते. मी नोंदवहीत लिहिते. मी भरलेल्या अहवालावरून ग्रामसेवक त्याच्या रजिस्टरमध्ये चढवतो, कारण खेड्यात जन्म-मृत्यूचा निबंधक तोच असतो. त्याचे आकडे वर जातात. माझे आकडे आरोग्य केंद्रात मासिक अहवालात जातात. मग लसीकरणाच्या यादीत तेच बाळ येतं, बीसीजी, पोलिओ, गोवर. पुढे अंगणवाडी, पुढे शाळेचं जनरल रजिस्टर. एका बाळाचा जन्म खोटा ठरवायचा तर एवढ्या सगळ्यांनी मिळून, एकमेकांना न भेटता, एकच खोटं लिहायला हवं. तेही ती बाई तीस वर्षांनी सरपंचपदाला उभी राहणार हे आधीच ओळखून.

आता ओबामांचं. मी अमेरिकेला गेलेले नाही, पण जन्मदाखला कसा वाचायचा ते मला कळतं. व्हाइट हाउसने २७ एप्रिल २०११ रोजी जो सविस्तर दाखला प्रसिद्ध केला, तो मी नातीकडून मोबाइलवर मोठा करून घेतला आणि ओळ अन् ओळ वाचली. जन्म ४ ऑगस्ट १९६१, संध्याकाळी ७ वाजून २४ मिनिटं. होनोलुलुतलं कपिओलानी प्रसूती रुग्णालय. आईची सही ७ ऑगस्टची, डॉक्टरांची ८ ऑगस्टची, निबंधकाकडे नोंद ८ ऑगस्टलाच. ज्याने कधी बाळंतपण केलं आहे त्याला ही रचना लगेच ओळखू येईल. बाळ शुक्रवारी संध्याकाळी झालं, मधे शनिवार-रविवार गेला, सोमवारी आईने सही केली, मंगळवारी डॉक्टरने. आमच्याकडेही असंच चालायचं.

आणखी एक गोष्ट वक्त्यांनी सांगितली, ती अर्धवट सांगितली. होनोलुलुच्या दोन वर्तमानपत्रांत १३ आणि १४ ऑगस्ट १९६१ ला ओबामा दांपत्याला मुलगा झाल्याची बातमी छापून आली होती. वक्ते म्हणाले, ती आजोळच्यांनी छापवून आणली. तसं नव्हतं. जन्मांच्या याद्या तिथल्या आरोग्य खात्याकडूनच वर्तमानपत्रांकडे जायच्या आणि खात्याकडे त्या रुग्णालयांच्या कागदांवरून यायच्या. इकडे माझा मासिक अहवाल वर जायचा तसंच ते. तिथल्या आरोग्य संचालक डॉ. चियोमी फुकिनो यांनी ऑक्टोबर २००८ मध्येच जाहीर केलं होतं की मूळ नोंद त्यांनी स्वतः पाहिली आहे. त्यांना नेमणाऱ्या गव्हर्नर लिंडा लिंगल ओबामांच्या पक्षाच्या नव्हत्या, विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या होत्या. तरीही मागण्या थांबल्या नाहीत. तीच तीच माणसं तोच तोच अर्ज पुन्हा पुन्हा करत राहिली, इतकी, की शेवटी २०१० मध्ये हवाई राज्याला कायदा करावा लागला: असे पुनःपुन्हा येणारे अर्ज बाजूला ठेवायला हरकत नाही.

केनियातला म्हणून जो दाखला २००९ मध्ये पुढे आणला गेला त्याच्यावर तारीख होती १७ फेब्रुवारी १९६४, आणि डोक्यावर लिहिलं होतं केनिया प्रजासत्ताक. केनिया प्रजासत्ताक झाला १२ डिसेंबर १९६४ ला. म्हणजे देश प्रजासत्ताक होण्याच्या दहा महिने आधीच दाखला तयार. पुढे कळलं की दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका माणसाच्या जुन्या दाखल्यावरून तो कागद बनवलेला होता. हे सगळं उघड आहे, वर्षानुवर्षं उघड आहे. वक्त्यांनी ते वाचलं नसेल तर त्यांनी त्या विषयावर बोलायला नको होतं, आणि वाचूनही सांगितलं नसेल तर तुम्ही त्यांना शाल द्यायला नको होती.

आता आजीबद्दल. यावर मला जास्त लिहायचं आहे.

ओबामांच्या केनियातल्या सावत्र आजी सारा यांच्याशी ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेतून एकाने फोनवर दुभाष्याच्या मदतीने बोलणं केलं. प्रश्न इंग्रजीतून, आजीची भाषा वेगळी, मधे दुभाषी, वर फोनची खरखर. एका ठिकाणी असं वाटतं की नातू जन्मला तेव्हा आपण हजर होतो, असं ती सांगते आहे. त्याच फोनवर थोड्या वेळाने स्पष्ट झालं की तो अमेरिकेत, हवाईत जन्मला. पण जी ध्वनिफीत जगभर फिरली तिच्यातून हा पुढचा भाग कापलेला होता.

व्याख्यानानंतर चौथ्या दिवशी आपल्या तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ऑडिओ आला. चौदा सेकंदांचा. एक म्हातारी पावरी बोलीत काही सांगते आहे आणि एक पुरुषाचा आवाज मराठीत अर्थ सांगतो: "तिकडे झाला जन्म, सेंधव्याकडे." खाली लिहिलेलं, 'आजीची कबुली'. पाठोपाठ अहिराणीतले निरोप सुरू झाले, ती आठली नही शे, कागद खोटा शेत. म्हणजे ती इथली नाही, कागद खोटे आहेत.

तो आवाज मी ओळखला. त्या रात्री माझ्या उपकेंद्रात बॅटरी धरून उभी असलेली सासू, म्हणजे त्या मुलीची आजी. मी दुसऱ्याच दिवशी एसटीने तिच्या पाड्यावर गेले. म्हातारीला आता नीट दिसत नाही, पण मला आवाजावरून ओळखलं, हात धरून बसवलं. नात शेजारी बसून सांगत होती, पावरी थोडी मलाही कळते. आजी म्हणाली, एक पोरगा आला होता, शिष्यवृत्तीसाठी माहिती पाहिजे म्हणाला. मोठ्या नातवाचा जन्म कुठला विचारलं, मी सांगितलं. मोठा नातू, म्हणजे त्या मुलीचा थोरला भाऊ, १९९४ मध्ये सेंधवा तालुक्यात, आईच्या माहेरी जन्मला. पहिलं बाळंतपण माहेरी. धाकटीबद्दल आजी पुढे बरंच बोलली होती, असं तीच म्हणाली: पूर, बैलगाडी, सिस्टरबाई, बॅटरी. ते त्या चौदा सेकंदांत नाही.

निघताना म्हातारीने मला विचारलं, "मी काय चूक सांगितलं?" त्याचं उत्तर मला देता आलं नाही. तेवढ्यासाठी तरी कार्यकारी मंडळातल्या कोणीतरी त्या पाड्यावर जाऊन यावं असं मला फार वाटतं.

माझ्या तक्रारी आता क्रमाने लिहिते.

पहिली. तुम्ही म्हणता व्यासपीठ खुलं आहे. खुलं असावंच. ओबामांची धोरणं चुकली, त्यांनी अमुक ठिकाणी ड्रोन हल्ले केले, तमुक आश्वासन पाळलं नाही, असं कोणी दोन तास बोललं असतं तरी मी शांतपणे ऐकून घेतलं असतं. पण एखादी व्यक्ती कुठे जन्मली हा मताचा प्रश्न नाही. ते घडलेलं असतं आणि कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं. त्याला मत म्हणून सोडून दिलं की माझी नोंदवहीसुद्धा मतच ठरते.

दुसरी. "कागद दाखवला तर तो खरा कशावरून, हेही विचारा" हे वाक्य तुमच्या माइकवरून गेलं. या वाक्याला उत्तरच नाही, हेच त्याचं काम आहे. ओबामांनी २००८ मध्ये छोटा दाखला दाखवला, तर मोठा मागितला. २०११ मध्ये मोठा दाखवला, तर तो बनावट म्हटला. त्या वर्षी टीव्हीवर सगळ्यांत मोठ्याने दाखला मागणाऱ्या डोनाल्ड ट्रम्प यांनी १६ सप्टेंबर २०१६ ला एका वाक्यात मान्य केलं की ओबामा अमेरिकेतच जन्मले. पाच वर्षांची धूळ आणि एक वाक्य. ज्या मुलीने जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र सगळं फाइलीत लावून ठेवलं आहे, तिने आता आणखी काय दाखवावं? तिने मला हाच प्रश्न विचारला. ती रडली नाही. फाइल मांडीवर ठेवून एकेक कागद उलटत राहिली.

तिसरी तक्रार जरा लांब आहे, कारण ती आपल्या सगळ्यांबद्दल आहे.

खान्देशात जन्माचं ठिकाण म्हणजे बहुतेक वेळा आईचं माहेर. कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, राहत्या गावी नाही. त्यामुळे आपल्या तालुक्यातल्या निम्म्या थोरल्या मुलांची नोंद दुसऱ्याच गावात सापडेल. कोणाची चाळीसगावला, कोणाची नवापूरला, कोणाची सुरतेला, कोणाची बऱ्हाणपूरला. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी राजांच्या काळात खान्देशाची राजधानी तिथेच होती. सरहद्द कागदावर नंतर आली, सोयरीक आधीपासून आहे. आणि ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या बायकांचं काय? बारडोलीकडच्या पडावावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत किती मुलं जन्मली, त्यातल्या कितींची नोंद तिथेही झाली नाही आणि इथेही झाली नाही. २१ दिवसांची मुदत निघून जाते, वर्ष उलटतं, मग दाखल्यासाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. चार महिने कोयता चालवून आलेली बाई कचेरीच्या पायऱ्या कधी चढणार? मी स्वतः कितीतरी बायकांबरोबर त्या चढले आहे. जन्माच्या कागदाची खरी काळजी असेल त्याने या मुलांसाठी बोलावं. त्यांच्यासाठी त्या रात्री एक शब्दही निघाला नाही.

आपले साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे. अंमळनेरने त्यांना कधी विचारलं का, की तुमचा जन्म कुठला? १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं त्याच्या तयारीसाठी ते गावोगाव फिरले, तेव्हा कोणी दाखला मागितला का? आणि प्रतिभाताई पाटील बोदवड तालुक्यातल्या नाडगावच्या, याचा आपल्याला केवढा अभिमान. नोव्हेंबर २०१० मध्ये राष्ट्रपती भवनात त्यांनी ओबामांचं स्वागत केलं, ते मी टीव्हीवर उभी राहून पाहिलं होतं. खान्देशच्या एका लेकीने त्यांचा पाहुणचार केला, त्या वेळीही त्यांच्या देशात त्यांना तुम्ही इथले कशावरून हे विचारणं चालूच होतं.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष व्हायला जन्माने नागरिक असावं लागतं, त्यामुळे तिथे निदान प्रश्नाला कायद्याचं निमित्त होतं. तरी पाहा. २००८ मध्ये ओबामांसमोर उभे असलेले जॉन मॅककेन १९३६ मध्ये पनामा कालव्याच्या क्षेत्रात जन्मले, म्हणजे खरोखरच अमेरिकेच्या राज्यांबाहेर. त्यांचे आई-वडील अमेरिकन होते, म्हणून ते पात्रच आहेत, असा ठराव एप्रिल २००८ मध्ये सिनेटने एकमताने केला. त्या ठरावाला पाठिंबा देणाऱ्यांत स्वतः ओबामा होते. बाहेर जन्मलेल्याला देशाने आपलं म्हटलं, आणि होनोलुलुत जन्मलेल्याला वर्षानुवर्षं परका म्हटलं. फरक कसला होता? एकाचा बाप केनियाचा, काळा होता आणि मुलाचं नाव त्यांच्या कानांना ओळखीचं नव्हतं.

आपल्याकडे सरपंच व्हायला जन्म कुठे झाला हा प्रश्नच कायद्यात नाही. गावच्या मतदार यादीत नाव हवं, वय २१ पूर्ण हवं. राखीव जागा असेल तर जातीचा दाखला आणि वैधता हवी. अनुसूचित जमातीच्या वैधतेत पाहिलं जातं ते ६ सप्टेंबर १९५० पूर्वी घराणं कुठे राहत होतं, नातीचं बाळंतपण कुठे झालं हे नाही. तिच्या आजोबांच्या नावाची त्याआधीची नोंद समितीने तपासली आहे. म्हणजे ती सेंधव्यात जन्मली असती तरी तिच्या उमेदवारीला काही झालं नसतं. मग प्रश्न का विचारला गेला? ज्यांच्या आया माहेरी सुरतेला आणि बऱ्हाणपूरला बाळंत झाल्या, असे पुढारी तालुक्यात कितीतरी आहेत. त्यांना कोणी विचारलेलं नाही. विचारलं ते पावरा समाजातल्या, पाड्यावरून आलेल्या, पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या बाईला. मला हे लिहिताना वाईट वाटतं, पण तुम्ही ते समोर बसून ऐकलंत.

चौथी. वाचनालयाला सरकारी अनुदान मिळतं, आणि आम्ही सभासद वर्गणी देतो. माझ्या मुलीने इथे बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला. व्याख्यानात ऐकलेलं लोक खरं मानतात ते वक्त्याच्या नावामुळे नाही, वाचनालयाच्या नावामुळे. व्हॉट्सॲपवरच्या निरोपांत "वाचनालयाच्या कार्यक्रमात सांगितलं" असंच लिहिलेलं आहे. तुमचं नाव साक्षीदार म्हणून फिरतंय.

आणि पाचवी, माझी स्वतःची. "कागद बनावट" म्हणताना तो कागद लिहिणारं कोणीतरी असतं हे कोणाच्याही मनात येत नाही. ती नोंद बनावट असेल तर बनवणारी मी आहे. मी त्या रात्री जेवले नव्हते, चार दिवस पुराने अडकले होते, बाळंतिणीला माझ्याच चुलीवरचा भात खाऊ घातला. ३२ वर्षांत माझ्या नोंदवहीत खाडाखोड असेल, अक्षर वाईट असेल, खोटी ओळ नाही. तुमच्या व्यासपीठावरून मला खोटी म्हटलं गेलं आणि मला उत्तर द्यायला पाच मिनिटंही मिळालेली नाहीत.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

वाचनालयाने लेखी खुलासा करावा की ओबामांच्या जन्माबद्दल आणि तालुक्यातल्या उमेदवाराच्या जन्माबद्दल त्या कार्यक्रमात सांगितलेली माहिती चुकीची होती. हा खुलासा बाहेरच्या फलकावर लावावा आणि पुढच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला, त्याच माइकवरून अध्यक्षांनी वाचून दाखवावा. वाचनालयाच्या ग्रुपवर व्याख्यानाचा जो व्हिडिओ टाकला आहे, तो काढावा किंवा खुलाशासह ठेवावा. तोही आजच, कारण तो रोज पुढे जातो आहे.

त्या मुलीला मंडळाच्या सहीचं दिलगिरीचं पत्र द्यावं. तिच्या आजीला कोणीतरी प्रत्यक्ष भेटून सांगावं की तिने काही चूक सांगितलेलं नाही. पत्र तिला वाचता येणार नाही.

यापुढे वक्त्याने जिवंत माणसावर व्यासपीठावरून आरोप केला, तर पुरावा विचारायची आणि त्या माणसाला त्याच मालिकेत उत्तराची वेळ द्यायची जबाबदारी मंडळाने लेखी स्वीकारावी. वक्त्याला बोलू देऊ नका असं माझं म्हणणं नाही.

आणि एक संध्याकाळ जन्म-मृत्यूच्या नोंदणीसाठी ठेवावी. नोंद कुठे करायची, २१ दिवसांत काय करायचं, नंतर काय लागतं, ऊसतोडीला गेलेल्या बाईने काय करायचं, हे ग्रामसेवक आणि आशाताईंना बोलावून सांगता येईल. मी येईन. मानधन नको, शाल-श्रीफळही नको. पाड्यांवरून येणाऱ्या बायकांसाठी गाडीची सोय मात्र करावी लागेल, कारण शेवटची एसटी सहाला जाते.

उमेदवारी अर्ज भरायची तारीख जवळ आली आहे. त्याआधी खुलासा झाला तरच त्याचा उपयोग आहे. मी दर मंगळवारी दुपारी वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाशी असते. येत्या मंगळवारीही असेन, आणि माझ्याबरोबर ती मुलगी तिची फाइल घेऊन बसलेली असेल. मंडळातल्या ज्यांना कागद पाहायचे आहेत त्यांनी येऊन पाहावेत.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
आजीव सभासद, सार्वजनिक वाचनालय